ताडपत्र, बोरू आणि सेकंडहँड पाटी

मराठीत कशाचीही सुरुवात म्हणजे ओनामा. हा शब्द आला कुठून? जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल पहिल्या दिवशी धुळीने भरलेल्या पाटीवर बोट फिरवत म्हणायचे, ‘ओ ना मा सी धं’. म्हणजे मुळातले ‘ॐ नमः सिद्धम्’. सिद्धांना नमस्कार! जैनांच्या घरातले हे शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांनी, अर्थ माहीत नसताना, पिढ्यान्‌पिढ्या गिरवले. आपल्या पुराणाप्रमाणे तर पहिली विद्यार्थिनी मुलगीच आहे. आदिपुराणात आचार्य जिनसेन सांगतात की भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. इतिहासकार ही गोष्ट पुरावा म्हणून घेणार नाहीत, घेऊही नये. पण अक्षरांचा ओनामा मुलीच्या हाताने झाला असे ज्या समाजाने लिहून ठेवले, त्याच समाजात पुढे बायकांच्या अक्षराचे काय झाले, हे बघण्यासारखे आहे.

हे सगळे डोक्यात यायला कारण अगदी बाजारी आहे. पाच वर्षे वापरलेला, पेनने लिहायचा एक टॅब्लेट विकत घ्यावा की नाही, हा प्रश्न गेले दीड महिना आमच्या घरात आहे. टॅब्लेटला आमच्याकडे सगळे ‘पाटी’च म्हणतात, मीही तेच म्हणते.

कामाचे आधी सांगते. आम्ही मूळचे परभणीकडचे, सैतवाळ. १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती, त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी घरे शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने इकडे आली आणि इथलीच झाली. आज आमच्या जामबागेत उभी असलेली विवेकवर्धिनी ही १९०७ सालची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाचा संसार मांडला, म्हणून आमच्या सासूबाईंच्या पिढीला मराठी लिहिता आले. त्या पिढीच्या बायकांच्या वह्या मी जमवते आहे. व्रतांच्या कथा, आरत्या, दशलक्षणातल्या एकाशनांचे हिशेब, लोणच्याची मापे, बाळंतिणीचे काढे, सगळे एकाच वहीत. त्या निवडून पुस्तक करायचे चालले आहे. अक्षरजुळणी सोलापूरला होते. तिथून पीडीएफ येते, मी कोठीत जाऊन छापून घेते, लाल पेनाने दुरुस्त्या करते, आणि पाने कुरिअरने पाठवते. घाई असली तर फोनवर फोटो काढून पाठवायचे. फोटोत काना दिसतो तर अनुस्वार दिसत नाही.

आणि खरी अडचण ती नाहीच. एका वहीत ‘कोरड्यास’ हा शब्द होता. आमच्या मराठवाड्यात भाकरीबरोबरच्या कालवणाला कोरड्यास म्हणतात, ते चांगले पातळ असते! जुळणाऱ्याने त्याचे ‘कोरडे’ केले. मी दुरुस्त केले, दुसऱ्या खेपेला ‘कोरडेसे’ होऊन आले. त्याचा दोष नाही, त्याच्या कानावर तो शब्द कधी पडलेलाच नाही. पण ती वही लिहिणारी बाई आता नाही. तिचा शब्द तिच्या वतीने सांभाळायला मी एकटीच आहे, आणि तोच हातातून निसटतो.

म्हणून भाचा म्हणाला, मामी, पेनवाला टॅब घे. पानावरच लिही, तिकडे लगेच दिसेल. नवा महाग आहे, जुना बघू. गुजराती गल्लीत एकाकडे आहे. आमच्या यजमानांचे मत असे की जुनी वस्तू घ्यावी ती तांब्या-पितळेची, इलेक्ट्रिकची नाही. सूनबाई म्हणाली, आई, घ्यायचा तर नवाच घ्या. मी दोघांचेही ऐकले आणि वाचायला बसले. माझी कोणतीही खरेदी अशीच होते, साडीसुद्धा.

टोकदार कांडीने सपाट पृष्ठावर लिहायचे, हे काही नवीन नाही. दक्षिणेत हेच चालायचे. तेलुगू शेजारणीला विचारा, ती ‘घंटम्’ म्हणेल. घंटम् म्हणजे लोखंडी लेखणी. ताडाची पाने कापून, उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत करायची, मग या लोखंडी टोकाने अक्षर कोरायचे. कोरलेले तसे दिसत नाही, मग वरून तेलात कालवलेली काजळी चोळायची आणि पुसून टाकायची, की रेषेत काळे भरून राहते. तेलुगू-कानडी अक्षरे गोल गोल का, तर आडवी सरळ रेघ ओढली की पानाची शीर फाटते, म्हणून, असे सांगतात. उत्तरेकडे, गुजरात-राजस्थानच्या भांडारांत, ताडपत्रावरही बोरू आणि शाईच चाले. लेखनसाहित्याची हौस आपल्या लोकांना पूर्वीपासूनच. श्वेतांबर आगमांतल्या राजप्रश्नीय सूत्रात स्वर्गातल्या एका पुस्तकाचे वर्णन आहे. पाने रत्नांची, ओवायचा दोरा सोन्याचा, दौत वैडूर्याची, तिला झाकण आणि सोन्याची साखळी, आणि लेखणी चक्क वज्राची. साखळी कशाला? दौत सांडू नये म्हणून अडकवायला, दुसरे काय! ज्याने हे लिहिले त्याने रोज दौत हाताळलेली असणार.

पण मला खरे अडवून ठेवले ते मूडबिद्रीने.

श्रुतपंचमीला आपण सगळ्या जणी शास्त्राची पूजा करतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमी. गिरनारच्या गुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना जे मुखाने शिकवले, ते षट्खंडागम या रूपाने लिहून पुरे झाले त्याचा हा दिवस. नवव्या शतकात, ८१६ साली, वीरसेनाचार्यांनी त्यावर ‘धवला’ ही प्रचंड टीका पूर्ण केली. ‘जयधवला’ त्यांनी सुरू केली, ती ८३७ साली पुरी केली त्यांच्या शिष्याने, म्हणजे वर ज्यांचे नाव आले त्या जिनसेनांनी. आणि पुढे झाले असे की हा सगळा ठेवा भारतभरात एकाच ठिकाणी उरला, कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या बसदीत, जुन्या कानडी लिपीतल्या ताडपत्रांवर. लोक तीर्थयात्रेला जात, पेटीतल्या ताडपत्रांचे दर्शन घेत, हात जोडत आणि परत येत. वाचणारा कोणी नव्हता.

मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे यात्रेला गेले. दर्शन झाले, पण त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी ही गोष्ट सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांना सांगितली. हे हिराचंद म्हणजे ‘जैनबोधक’ काढणारे. दोघांनी मिळून पैसा उभा केला, लिपी वाचू शकणारे श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री शोधले, त्यांच्या जोडीला मिरजेचे गजपती उपाध्याय दिले, आणि १८९६ साली नक्कल सुरू झाली. मधेच ब्रह्मसूरी शास्त्रींचे निधन झाले. गजपतींनी काम चालू ठेवले. हे सारे काम संपायला १९२२ उजाडले. सव्वीस वर्षे! आणि एवढे करून अट अशी की ती नक्कलही मूडबिद्रीच्या बाहेर न्यायची नाही.

इथे लक्ष्मीबाई येतात. गजपती उपाध्यायांची पत्नी. शिकलेली, कानडी लिपी हातात बसलेली. दिवसा नवरा अधिकृत नक्कल करी, आणि लक्ष्मीबाईंच्या मदतीने घरी गुपचूप दुसरी कानडी नक्कल तयार होई. हजारो पाने. धवला प्रकाशित करताना हिरालाल जैनांनी प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे, तीत लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ती बाई केव्हा लिहीत असेल? स्वयंपाक उरकून, दिवेलागणीच्या आत? रात्री दिव्यावर किडे येतात, जीवहिंसा नको म्हणून रात्री लिहिणे टाळत असेल का? कुणी लिहून ठेवले नाही. हा माझा अंदाज, घर चालवणाऱ्या बाईचा.

ती नक्कल घेऊन गजपती सोलापूरला गेले, मुंबईला गेले. तिथे ती ठेवून घेतली गेली नाही. चोरून आणलेली वस्तू म्हणून त्या थोर माणसांना ती घेववली नसावी. अखेर सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तिथे पंडित विजयचंद्रय्या आणि पंडित सीतारामशास्त्री यांनी १९१६ ते १९२३ मध्ये तिची नागरी केली. सीतारामशास्त्रींनी आपल्याजवळही एक प्रत राखली, आणि मग तिच्यावरून आरा, कारंजा, अमरावती, सागर अशा नकलांच्या नकला झाल्या.

हे बरे की वाईट? आमच्या मंडळात मी हे सांगितले तेव्हा दोन तट पडले. माझे मत सांगते. मूडबिद्रीच्या भट्टारकांना आणि पंचांना मी नावे ठेवणार नाही. कित्येक शतके दक्षिणेतला पाऊस, वाळवी आणि लढाया यांतून त्यांनी ती पाने जपली, म्हणून तर नक्कल करायला काही उरले. आणि लक्ष्मीबाईंनाही मी चोर म्हणणार नाही. शास्त्रदान हे चार दानांतले एक दान आहे की नाही?

१९३९ साली अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून काढला. पुढे दोन दशकांत सोळा खंड झाले. पहिल्या खंडाच्या वेळी हाताशी मूळ ताडपत्र नव्हते. अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या नकला समोर ठेवून काम केले. आणि त्या खंडात, सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रापाशी, संपादक अडले.

सूत्र आपल्याबद्दल आहे, बायकांबद्दल. मनुष्यिणी कोणत्या गुणस्थानांत नियमाने पर्याप्त असते, याची त्यात यादी आहे. नकलांमध्ये यादी ‘संजदासंजद’पाशी, म्हणजे श्राविकेच्या पाचव्या गुणस्थानापाशी, थांबत होती. पण खालची वीरसेनांची टीका वाचली तर आचार्य एका शंकेला उत्तर देत आहेत, की मग या वचनावरून स्त्रियांना मोक्ष सिद्ध होईल ना? आता बघा, यादी पाचव्यापाशीच थांबत असेल तर ही शंका यायचे कारण काय? शंका येते याचा अर्थ सूत्रात पुढचा शब्द असला पाहिजे, ‘संजद’, म्हणजे संयत, सहाव्यापासून वरचा. संपादकांनी तळटीप दिली की इथे ‘संजद’ हा शब्द गळलेला दिसतो.

त्यावरून चाळीसच्या दशकात दिगंबर समाजात जो वाद पेटला, तो जुन्या मासिकांतून वाचताना आजही धग लागते. संपादकांनी शब्द पदरचा घातला, असे आरोप झाले. मग मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला. तोपर्यंत तिथल्या मंडळींचे मनही मोकळे झाले होते. ताडपत्रावर शब्द होता. संजद.

अर्थ काय लावायचा हा वाद मिटला नाही. वीरसेनांनीच तिथे भावस्त्री आणि द्रव्यस्त्री असा भेद केला आहे, आणि दिगंबर परंपरा तोच मानते. त्या वादात पडण्याइतके माझे अध्ययन नाही. मला शब्दाशी मतलब. तो गळला कसा? वाईट हेतूने कुणी गाळला, असे मला वाटत नाही. ‘संजदासंजद’ आणि लगेच पुन्हा ‘संजद’. एकाच अक्षरांची माळ लागली की लिहिणाऱ्याची नजर एका संजदावरून दुसऱ्यावर घसरते. प्रुफे वाचणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे, ‘त्या त्या’मधला एक ‘त्या’ कायम जातो. एक नजरचूक, आणि नेमकी आपल्याच यादीतून एक पायरी नाहीशी. ती परत आली कारण मूळ पान जिथल्या तिथे होते.

फलटणला आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हीच शास्त्रे ताम्रपटांवर कोरवून ठेवली आहेत. ताडपत्र कधीतरी विरणार, म्हणून तांबे. आमच्या यजमानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, बघ, मी काय म्हणत होतो!

आता यंत्राची लेखणी. तिचा इतिहास मी भराभर सांगते, कारण त्यात लक्ष्मीबाई नाहीत. १९६४ साली अमेरिकेत रँड कंपनीने तारेला बांधलेल्या लेखणीची पाटी केली. जपानच्या वॅकॉम कंपनीने ऐंशीच्या दशकात बिनतारी, बिनबॅटरीची लेखणी काढली. पाटीखालचा तारांचा पडदा चुंबकीय क्षेत्र सोडतो, लेखणीतले छोटे वेटोळे त्यावरच जागे होते आणि ‘मी इथे आहे’ असे परत कळवते. १९९३ साली ॲपलचा न्यूटन आला. हस्ताक्षर ओळखून छापील करण्याचा त्याचा दावा होता, आणि तो काय ओळखतो यावर तिकडे व्यंगचित्रे निघाली. आपल्याकडे बंगळूरुच्या प्राध्यापकांनी २००१ च्या सुमारास सिम्प्युटर केला, स्वस्त, खेड्यातल्या माणसासाठी, भारतीय भाषांत चालणारा, लेखणीने टिचकी मारायचा. कल्पना सोन्यासारखी होती, खपला मात्र नाही. त्याची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी काढली.

हे वाचून झाल्यावर गुजराती गल्लीत गेले. दुकानदाराने साडेदहा हजार सांगितले. काय बघायचे ते मी लिहून नेले होते. लेखणी बॅटरीची आहे का बिनबॅटरीची? बिनबॅटरीची निघाली, म्हणजे ती म्हातारी होणार नाही, झिजले तर टोक बदलायचे. पट्टी धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरप्या रेघा ओढल्या. रेघ कुठे थरथरली किंवा तुटली तर तिथला पडदा गेलेला. आमची उजव्या कडेला किंचित थरथरली, समासात, तेवढे चालेल. पडदा दहा इंचांचा, आमच्या पुस्तकाचे एक पान पुरे दिसते. नव्या आवृत्त्या त्याला येणे बंद झाले आहे, म्हणून बँकेचे, पैशाचे काही त्याच्यावर ठेवायचे नाही. हे भाच्याने बजावले आणि ते मला पटले. बॅटरी मात्र दोन तासांत खाली आली.

मग हस्ताक्षर ओळखणारा कीबोर्ड उघडून मी ‘कोरड्यास’ लिहिले. त्याने ‘कोरड्या’ केले. ‘संजद’ लिहिले, त्याने ‘संजय’ केले. भाचा हसायला लागला. मी म्हटले, हसू नको, इथेच माझा निर्णय झाला. ती ओळखण्याची सोय बंदच ठेवायची. मला माझे अक्षर छापील करून नको आहे. पीडीएफच्या पानावर माझ्या हाताचा लाल काना तसाच उमटावा, त्याच्या शेजारी वहीच्या मूळ पानाचा फोटो लावता यावा, आणि सोलापूरच्या माणसाला दोन्ही एकदम दिसावे, एवढेच काम. त्याला पाच वर्षांची पाटी पुरते, नवी कशाला? पैशाचे म्हणाल तर वाचत नाहीत. एकशे चाळीस पानांचा एक भाग, पानाला दोन रुपये, म्हणजे खेपेला दोनशे ऐंशी. तीन भाग, प्रत्येकी पाच खेपा, चार हजार दोनशे होतात. कुरिअरचे धरले तरी पाटीची किंमत एका पुस्तकात निघत नाही. वेळ वाचतो. वह्या देणाऱ्या बायकांतल्या दोघी नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांच्या हातात पुस्तक पडायला हवे.

नव्या बॅटरीसकट साडेनऊ हजारांवर सौदा ठरला. बॅटरी बसवून पाटी पुढच्या गुरुवारी मिळायची आहे. तोवर दुसऱ्या भागाची एकशे चाळीस पाने मी कोठीत छापून आणली आहेत आणि लाल पेनाने निम्म्यापर्यंत आले आहे.